नळाचा दिवस आणि सात किलोचा ड्रायर

"सोलापुरात ड्रायर?" हा प्रश्न दुकानदारापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारला, आणि प्रश्न रास्तच आहे. मे महिन्यात इथे गच्चीवर टाकलेला टॉवेल तासाभरात कडक होऊन येतो. त्या उन्हापुढे कुठलंही यंत्र काय मोठं काम करणार?

अडचण उन्हाची नाही, पाण्याची आहे. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे साठलेलं धुणं एकाच दिवशी निघतं: चादरी, टॉवेल, शाळेचे गणवेश, ऑफिसचे शर्ट, सगळं. फ्लॅटच्या बाल्कनीतल्या दोऱ्या पहिल्या घाण्यातच भरतात आणि दुसरा घाणा बादलीत आंबत बसतो. त्यात सप्टेंबरचा पाऊस लागला की विचारायलाच नको. ड्रायर घ्यायचा तो या दुसऱ्या-तिसऱ्या घाण्यासाठी. बाकीचं ऊन फुकट आहे, ते वापरायचंच.

आम्ही खरेदीला मे 2024 मध्ये लागलो. बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला व्हेंटेड: आतला हीटर हवा तापवतो आणि दमट हवा चार इंची नळीतून बाहेर फेकतो. किंमत तेव्हा साधारण पंचवीस ते पस्तीस हजार होती. दुसरा कंडेन्सर: तो वाफेचं पाणी करून टाकीत साठवतो, पण वीज व्हेंटेडएवढीच खातो. तिसरा हीट पंप: तो हवेतली उष्णता पुन्हा पुन्हा वापरतो, म्हणून वीज जवळपास निम्मी, वेळ जास्त, किंमत तेव्हा साठ हजारांच्या पुढे. याशिवाय धुणं आणि वाळवणं एकाच यंत्रात करणारे वॉशर-ड्रायर असतात. यातली बरीच यंत्रं वाफ थंड करायला नळाचं पाणी वापरतात, म्हणजे कपडे वाळवायलाही पाणी लागतं. आपल्या गावात हे परवडणारं नाही. शिवाय आठ किलो धुणाऱ्या यंत्रात वाळवता येतात पाचच किलो, म्हणजे उरलेले ओले कपडे काढून पुन्हा दोरीच शोधायची.

हीट पंप चांगला की व्हेंटेड, याचं उत्तर वापरावर आहे. पाच किलो सुती कपड्यांना व्हेंटेड यंत्र साधारण तीन युनिट घेतं, हीट पंप दीड. सगळे आकार धरून युनिटला बारा रुपये पकडले, तर दर घाण्याला अठरा-वीस रुपयांचा फरक पडतो. किमतीतला फरक चाळीस हजारांचा असेल तर तो भरून निघायला दोन हजार घाणे लागतील. रोज ड्रायर चालवणाऱ्या घराला हा हिशोब जमेल, नळाच्या दिवशी आणि पावसाळ्यात चालवणाऱ्याला नाही. आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही: बऱ्याच हीट पंप यंत्रांच्या माहितीपुस्तकात भोवतालचं तापमान 35 अंशांपर्यंत असावं असं लिहिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये सोलापुरातली बंद बाल्कनी त्याच्या कितीतरी वर जाते. म्हणून सात किलोचा व्हेंटेड घेतला. घेताना दोन गोष्टी विचारून घ्या: ड्रम उलटसुलट दोन्ही बाजूंनी फिरतो का, आणि ओल ओळखणारा सेन्सर आहे का. ड्रम एकाच बाजूला फिरला की चादरींचा गोळा होतो, आणि सेन्सर नसला की सगळा कारभार अंदाजपंचे चालतो.

यंत्र घरी येण्याआधी विजेचं काम उरकायला हवं. हीटर दोन ते अडीच किलोवॅटचा, म्हणजे नऊ ते अकरा अँपिअर सतत तासभर. त्याला डीबीपासून (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीपासून) वेगळी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 16 अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग लागतं. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको, त्याच्या पिना तापून प्लॅस्टिक वितळतं. इन्व्हर्टरच्या लाइनवरही नको. वायरमनचे सामानासकट तीन हजारांच्या आसपास गेले.

त्याच वेळी वीजबिलावर 'मंजूर भार' बघून घ्या. गिझर, एसी, वॉशिंग मशीनचा हीटर आणि ड्रायर यांची बेरीज त्या आकड्याच्या वर जात असेल तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा. तो ऑनलाइन होतो, ग्राहक क्रमांक हाताशी हवा आणि परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल तयार ठेवावा. अर्ज मंजूर होईपर्यंत, खरं तर नंतरही, गिझर आणि ड्रायर एकाच वेळी लावू नये. आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, त्याचाही परिणाम होतो. 230 ऐवजी 200 व्होल्ट आले तर हीटरची ताकद सुमारे चतुर्थांशाने घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात बदलते. संध्याकाळी त्याच कपड्यांना जास्त वेळ का लागतो, याचं कोडं इथे सुटतं. दुपारी लावा.

दमट हवा बाहेर काढायला भिंतीला भोक पाडायचं तर सोसायटीचं पत्र लागतं. ते मिळेपर्यंत यंत्र खोक्यात ठेवण्यापेक्षा खिडकी वापरलेली बरी. सरकत्या खिडकीची एक काच काढून तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला आणि त्याला चार इंची भोक पाडलं. फॅब्रिकेशनवाला हे काम अर्ध्या दिवसात करतो, पण त्याची तारीख मिळायलाच आठवडा जातो, तेव्हा यंत्राच्या ऑर्डरबरोबरच त्यालाही सांगून ठेवा. नळी धातूची घ्या, पातळ प्लॅस्टिकची नको. लांबी कमीत कमी ठेवा, वळणं एक किंवा फार तर दोन. नळी जितकी लांब आणि वाकडी, तितकी हवा अडते आणि कपड्यांचं तूस साठतं. बाहेरच्या टोकाला जाळी लावायचा मोह होतो, कारण कबुतरं. जाळी लावू नका, चार घाण्यांत ती तुसाने गच्च होते. हवेच्या झोताने उघडणारी आणि एरवी बंद राहणारी झडप मिळते, ती लावा. बाल्कनी बंदिस्त असेल तर ड्रायर चालू असताना दुसरी एखादी खिडकी चार बोटं उघडी हवी. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी कुठून तरी आत यायला पाहिजे.

जूनच्या सुरुवातीला कंपनीचा माणूस येऊन यंत्र बसवून गेला. पहिला घाणा जुन्या, ओल्या फडक्यांचा करावा. ड्रमला कारखान्यातलं तेल, धूळ लागलेली असते, ती त्यांच्यावर निघते.

आता मुद्द्याचं. ड्रायरचा खर्च ड्रायरमध्ये कमी होत नाही, वॉशिंग मशीनमध्ये होतो. पाच किलो सुती कपडे मिनिटाला 1000 फेऱ्यांवर पिळले तर त्यांत अंदाजे तीन लिटर पाणी राहतं, 1400 वर पिळले तर अडीच. एक लिटर पाण्याची वाफ करायला नुसत्या भौतिकशास्त्राच्या हिशोबाने दोन तृतीयांश युनिट लागतं, आणि यंत्रातली गळती धरली की जवळपास एक. पिळायला मात्र त्याच्या पासंगालाही वीज लागत नाही. म्हणून टॉवेल, चादरी, जीन्स यांना सोसेल तितकं जास्त पिळा. टॉप लोड मशीन असेल तर ते साधारण सातशेच्या आसपासच फिरतं, तेव्हा जादा स्पिन एकदा द्याच.

कपड्याच्या आतल्या पट्टीवरची खूण बघायची सवय लावून घ्या. चौकोनात गोल असेल तर ड्रायर चालतो. गोलात एक ठिपका म्हणजे कमी उष्णता, 60 अंशांपर्यंत. दोन ठिपके म्हणजे 80 पर्यंत. फुली म्हणजे दोरी.

शाळा जूनच्या मध्याला सुरू झाल्या आणि गणवेशांचा घाणा सर्वांत आधी निघाला. सोलापुरात गणवेशाचे कारखाने भरपूर, त्यामुळे कापड चांगलं मिळतं, पण ते बहुतेक टेरीकॉट, म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताचं मिश्रण असतं. टेरीकॉटला कमी उष्णता आणि कमी भरणा. यंत्रावर सात किलो लिहिलेलं असतं ते सुती कपड्यांचं, वाळलेल्या वजनाचं. मिश्र धाग्याच्या कपड्यांना त्याच्या निम्मं, म्हणजे साडेतीन किलोच धरायचं. जास्त कोंबलं की कपडे दाबले जाऊन चुण्या पक्क्या होतात, कारण पॉलिएस्टर गरम असताना जसं दुमडलेलं असेल तसंच थंड होताना बसतं. यंत्र थांबल्या थांबल्या गणवेश बाहेर काढून हँगरला लावा. खांदे आणि प्लीट हाताने सरळ केली तर इस्त्री निम्मी वाचते. सुती शर्ट, कुर्ते 'इस्त्रीपुरते ओले' या कार्यक्रमावर काढावेत. पूर्ण वाळवून मग पाणी शिंपडून इस्त्री करण्यात वीज दोनदा जाते.

नवा सुती कुर्ता किंवा खादी पहिल्यांदा ड्रायरला लावताना आक्रसणार हे धरूनच चाला. विणताना ताणलेलं सूत ओल, उष्णता आणि आपटण्याने मूळ लांबीकडे परततं. पाच टक्के आटलं तरी बाही वीतभर नाही पण दोन बोटं नक्की वर जाते. अंगाला बेताचा बसणारा कुर्ता दोरीवरच बरा.

जीन्सच्या चेन आणि बटणं लावून, उलटी करून टाकायची. कंबरपट्टी आणि खिसे शेवटपर्यंत ओले राहतात. त्यांच्यासाठी सगळा घाणा वीस मिनिटं वाढवण्यापेक्षा जीन्स काढून तासभर दोरीवर टाका. नाडीचे परकर, पायजमे यांच्या नाड्यांना सैल गाठ मारा, नाहीतर यंत्रातून माळ निघते. ब्लाउजचे हुक लावले नाहीत तर ते टॉवेलचे टाके ओढतात. लेगिंग, मोजे, इलॅस्टिकचं सगळं कमी उष्णतेवर, कारण रबर उष्णतेने लवकर मरतं. लहान चिजा जाळीच्या पिशवीत घाला.

टॉवेल हे ड्रायरचं खरं काम. दोरीवर वाळलेला टेरी टॉवेल पापडासारखा होतो, कारण न हलता वाळताना सुताचे धागे एकमेकांना चिकटतात, आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार त्यात भर घालतात. ड्रममध्ये ते फिरत राहतात, त्यामुळे टॉवेलवरचे सुताचे फासे उभे राहतात. टॉवेलला जास्त उष्णता चालते. फॅब्रिक कंडिशनर मात्र टाळा: सुतावर मेणचट थर बसतो आणि टॉवेल पाणी पुसायचं सोडून पसरवायला लागतो. नव्या सोलापुरी टॉवेलचं तूस पहिल्या काही घाण्यांत मूठभर निघतं. घाबरायचं कारण नाही, पण यंत्रातली तुसाची जाळी मध्येच एकदा साफ करावी आणि हे टॉवेल काळ्या कपड्यांबरोबर टाकू नयेत.

आता सोलापुरी चादर. हिच्यावर थोडं थांबतो, कारण बाहेरगावच्या कुठल्याच माहितीपुस्तकात तिचा उल्लेख नसतो. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, त्यांच्यासाठी यंत्रात वेगळं बटण मात्र नाही. चादर जाड, जॅकार्डची, एकेक किलोच्या पुढे भरणारी, आणि ओली झाली की दुप्पट. तीन चादरी एकत्र टाकल्या की त्या एकमेकींभोवती गुंडाळतात. बाहेरचा पदर वाळतो, गाभा ओलाच राहतो. सेन्सरच्या दोन धातूच्या पट्ट्यांना फक्त बाहेरचा पदर लागतो, त्यामुळे यंत्र 'झालं' म्हणून थांबतं. गोळा उलगडून हात घातला की आत ओलं गार लागतं. उपाय असा: एका वेळी एक, फार तर दोन चादरी, बरोबर दोन टॉवेल. टॉवेल मध्ये पडून चादरीला गुंडाळू देत नाहीत. टाकताना घडी घालू नका, झटकून सैल टाका. अर्ध्या वेळेला थांबवून चादर बाहेर काढा, उलटी करून पुन्हा टाका. सेन्सरचा कार्यक्रम न वापरता वेळेचा वापरा: आधी चाळीस मिनिटं, उलगडून आणखी वीस-पंचवीस. किनार अजून किंचित दमट असताना काढून दारावर टाकली तरी चालतं. गडद लाल, निळी, हिरवी चादर पहिल्या दोन-तीन धुण्यांत रंग सोडते, तेव्हा ती ड्रायरमध्ये पांढऱ्या टॉवेलबरोबर नको. ओलं रंगीत आणि ओलं पांढरं गरम होऊन घासलं गेलं की डाग पडलाच.

पातळ पलंगपोसांचीही हीच तऱ्हा होते, शिवाय त्यांच्या उशीच्या अभ्र्यासारख्या कोपऱ्यांत मोजे, रुमाल जाऊन अडकतात. पलंगपोसांचा घाणा वेगळा. गोधडी आणि कापसाची रजई टाकूच नका. सात किलोच्या ड्रमात ती फिरतच नाही, एका बाजूला बसते आणि यंत्र थडथडतं. तिला गच्ची आहे.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा खरा उपयोगाचा काळ. झड लागली की कपडे दोन दिवस ओले राहतात आणि कुबट वास धरतात. तो जिवाणूंचा वास असतो आणि नुसतं ड्रायरमध्ये गरम करून जात नाही, पुन्हा धुवावंच लागतं. म्हणून धुतल्यावर लगेच टाका. गौरी-गणपतीत साड्या निघतात. पैठणी, इरकल, कुठलंही रेशीम किंवा जर ड्रायरच्या वाटेला नेऊ नये. सुती साडीचा दोर वळतो आणि गाठ सोडवताना काठ फाटतो. सिंथेटिक साडी एकटीच, कमी उष्णतेवर पंधरा-वीस मिनिटं चालते. स्वेटर मात्र नाही: लोकर गरम-ओली असताना आपटली की तिचा नमदा होतो आणि मोठ्या माणसाचा स्वेटर लहान मुलाच्या मापाचा होतो.

हळदीकुंकवाच्या दिवसांत डाग बघितल्याशिवाय काही टाकू नका. उष्णतेने डाग पक्का होतो. हळदीचा डाग तर ड्रायरला न लावता साबणाने धुऊन उन्हातच टाकावा, हळदीचा रंग उन्हात उडतो. इथे यंत्राला उन्हाची सर नाही.

आणि स्वयंपाकघरातली फडकी. हे जपून वाचा. तेलाची फडकी, मालिशचे टॉवेल, बाळाची तेलकट दुपटी धुतल्यावरही त्यात थोडं तेल राहतं. आपल्या भागात करडईचं तेल खूप वापरतात. ते हवेतला प्राणवायू घेऊन सुकणारं तेल आहे, आणि सुकताना स्वतः उष्णता सोडतं. गरम फडक्यांचा ढीग ड्रममध्ये किंवा बादलीत दाबून राहिला तर ही उष्णता आतच कोंडते आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. शेंगतेलाचा धोका त्याहून कमी, पण आहेच. अशी फडकी कायम दोरीवर. पेट्रोल, थिनर, रॉकेल लागलेले कपडेही तसेच. रबराच्या पाठीची पायपुसणी आणि फोमची उशी यांनाही बंदी.

याच कारणाने शेवटची थंड हवेची दहा मिनिटं कधीही कापू नका. वीज मध्येच गेली तर दार उघडून कपडे लगेच बाहेर काढून पसरा, गरम ढीग आत ठेवून बाहेर जाऊ नका. रात्री लावून झोपणं तर नाहीच.

दिवाळीनंतर हवा कोरडी होते आणि ड्रायरची गरज जवळजवळ संपते. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी पांढऱ्या बाराबंद्या (बंदांनी बांधायचे पारंपरिक अंगरखे) धुतल्या जातात, त्यांनाही ऊनच चांगलं. घाईत ड्रायरला लावायचीच असेल तर तिचे बंद आधी सैल बांधून, जाळीच्या मोठ्या पिशवीत. या दिवसांत नायलॉन, पॉलिएस्टर पूर्ण वाळवलं की कपडे अंगाला चिकटतात आणि काढताना चटके बसतात. थोडे दमट असतानाच काढले की हा त्रास होत नाही.

साधारण याच सुमाराला सेन्सर चुकायला लागतो. कंडिशनरचा आणि क्षारांचा पातळ थर पट्ट्यांवर बसला की त्यांना ओल जाणवत नाही, यंत्र लवकर थांबतं. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या फडक्याने दाराच्या आतल्या बाजूच्या त्या पट्ट्या पुसायच्या, महिन्यातून एकदा पुरे. उलट तक्रारही असते: बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असले की उरलेली ओल वीज जास्त वाहते, यंत्राला कपडे अजून ओले वाटतात आणि ते गरजेपेक्षा जास्त वाळवतं. अशा वेळी सेटिंगमध्ये वाळवण्याची पातळी एक घर खाली आणा. दोन्हींतलं कुठलं, ते कपडा हातात घेतल्यावर कळतं.

तुसाची जाळी प्रत्येक घाण्यानंतर, अपवाद नाही. कोरड्या बोटाने गुंडाळत आणलं की सगळं एका पट्टीत निघतं. दोन महिन्यांनी जाळी कोमट पाण्याखाली जुन्या टूथब्रशने घासायची आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायची. तिच्यातून पाणी आरपार गेलं नाही, वर थांबलं, तर समजायचं की बारीक थर बसला आहे.

नळी वर्षातून एकदा, मे महिन्यातच काढून झटकायची, पावसाच्या आधी. प्लग काढायचा, यंत्र हातभर पुढे ओढायचं, क्लॅम्प चपट्या स्क्रूड्रायव्हरने सैल करायची. पहिल्या वळणाच्या पोटात सगळ्यात जास्त तूस सापडतं. झडप बोटाने हलवून बघा, तिच्या बिजागरीत तूस अडकून ती अर्धी उघडी राहते आणि कबुतरांना तेवढी फट पुरते. परत बसवताना क्लॅम्प घट्ट आवळा, आणि पहिला घाणा चालू असताना जोडाभोवती हात फिरवा: गरम हवा लागली तर पुन्हा आवळायची.